उसाचं पाणी, माणसाचं पाणी



मांडवगण फराट्याच्या शिवारात जा. शिरूर-दौंडच्या या पट्ट्यात भीमेच्या काठानं ऊसच ऊस. हा ऊस म्हणजे उभं पाणी. टनात सुमारे ७०० किलो पाणी. साखर निघते १०० किलोच्या आसपास. तोडला की सुकायला लागतो. उन्हात पडला की वजन घटतं, उतारा पडतो. म्हणून सगळ्यांची बोंब: लवकर गव्हाणीत टाका! शेतकरी ओरडतो, मुकादम ओरडतो, चिटबॉय ओरडतो. उसातलं पाणी उडालं की पैसा उडतो.

आणि तोडणाऱ्याच्या अंगातलं पाणी उडतं, ते कुठल्या काट्यावर मोजतात?

माणसाच्या अंगातही ६० टक्क्यांच्या आसपास पाणी. उन्हात अंगमोड काम केलं तर तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. ५० किलोच्या बाईचं एक लिटर गेलं म्हणजे वजनाचे २ टक्के गेले. डोकं गरगरतं, पायात गोळे येतात, लघवी पिवळीजर्द होते. कोयता थांबत नाही. उचल फिटायची असते. त्यात बाई तहान लागली तरी पाणी टाळते, कारण फडात ना आडोसा, ना संडास. मग लघवीची जळजळ, मूत्रमार्गाचं दुखणं. ते अंगावर काढायचं.

हे नशीब नव्हे. निकाराग्वात चिचिगाल्पा भागात ऊसतोड करणारे तरणेताठे पुरुष किडनी निकामी होऊन मेले. ना साखरेचा आजार, ना रक्तदाब. ऊन, कष्ट आणि रोजरोज सुकणारं शरीर हे त्याचं मोठं कारण मानलं जातं. तिथं पाणी, सावली आणि ठरावीक विश्रांती दिल्यावर किडनीची इजा कमी झालेली दिसली. औषध एवढं साधं!

आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं सांगितलं होतं: कामगाराला पिण्याचं पाणी द्या; २५० हून जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी द्या. पण तो कायदा गेटाच्या आत. ज्याच्या तोडीवर गव्हाण चालते तो गेटाबाहेर, फडात. त्याचा मालक कोण, विचारा. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाणी हा हक्क आहे, मेहरबानी नाही, हे तिथंच ठरलं. टोळीत आज दलित आहेत, वंजारी आहेत, भटके आहेत. तहानेला जात नाही. पण तहानलेलं कुणाला ठेवायचं हे ही व्यवस्था ठरवते.

नुसतं 'पाणी प्या' सांगणं ही थट्टा आहे. मजुरी टनावर असेल तर विश्रांती म्हणजे भाकरी कमी. म्हणून मागणी स्पष्ट करा: फडात पिण्याचं पाणी, सावली, बायांसाठी संडास आणि दुपारच्या विश्रांतीचे पैसे.

शहरातल्या पोरांनो, यंदाच्या हंगामात कोप्यांवर जा. भाषण करू नका. पाणी किती लांबून आणता, बाया दिवसातून किती वेळा पितात, एवढं विचारा. लिहून घ्या. आणि तो कागद कारखान्याच्या गेटावर चिकटवा.