नेपथ्य आणि कथानक

ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या सहा घटकांत कथानकाला अग्रस्थान दिले आणि दृश्यसजावटीला काव्यकलेपासून सर्वांत दूर ठेवले. हा क्रम आपण वर्गात शिकवितो; ऐतिहासिक चित्रपट पाहताना मात्र तो विसरतो. संजय लीला भन्साळी यांचा ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) हे या संदर्भात विचारात घेण्याजोगे उदाहरण होय.

ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाची दृश्यरचना थक्क करणारी आहे, हे मान्यच करावयास हवे. प्रश्न आहे तो दृश्यांमधील कार्यकारणभावाचा. ‘पिंगा’ या नृत्यावर त्या वेळी झालेला वाद मुख्यतः ऐतिहासिक औचित्याभोवती फिरत राहिला. कथनाच्या दृष्टीने आक्षेप वेगळा आहे. पतीच्या प्रेमसंबंधाने दुखावलेली काशीबाई मस्तानीला जवळ करते, हे कथानकातील सर्वांत अवघड वळण. परंतु तिच्या मनाचा प्रवास उलगडण्याऐवजी चित्रपट तिला नृत्यात उभी करतो. आरसेमहालातही तेच घडते. मस्तानीची प्रतिबिंबे असंख्य. पण तिच्या अस्तित्वाने पुण्यातील धर्मसत्ता एवढी का हादरावी, याचे उत्तर काही कठोर चेहऱ्यांवर निभावून नेले जाते. परिणामी, अखेरीस पाण्यात भासमान स्वारांशी झुंजणारा बाजीराव हे एक भव्य चित्र ठरते. शोकात्मिका ठरत नाही.

याचा अर्थ देखणेपण हाच दोष, असा नव्हे. विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, नेपथ्यकलेचे जाणकार. तरीही त्यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात नेपथ्य कथेच्या पुढे सरसावत नाही. तुकोबांची विरक्ती आणि जिजाईचा संसार या ताणातून प्रसंग उमलत जातात. म्हणूनच अखेरचे वैकुंठगमन केवळ चमत्कारदृश्य राहत नाही. मागे उरणारी जिजाई तोवर आपल्या पूर्ण ओळखीची झालेली असते.

गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पेशवाई अनेकदा प्रथम पडद्यावरच भेटते. त्याच्या मनात इतिहास केवळ पोशाख आणि महाल या रूपाने साठत गेला, तर माणसांनी कोणत्या पेचात काय निवडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न त्याला पडणारच नाही. कादंबरी आणि चित्रपट शेजारी ठेवून हा प्रश्न त्याच्यापुढे उभा करणे, हे साहित्याच्या अध्यापकाचेच काम आहे.