हौसेची हॅट

भिसेगावातून पहाटे कर्जत स्टेशन गाठणाऱ्यांच्या डोक्यावर माकडटोपी असते आणि इथल्या थंडीला ती पुरून उरते. पण हौसेला मोल नसतं. भगतसिंगांचा १९२९ सालचा हॅटमधला फोटो पाहून कुणाला तशी हॅट घ्यावीशी वाटली नसेल? घ्यायचीच तर आधी शिंप्याच्या टेपने डोकं मोजा, भुवया आणि कानांच्या किंचित वरून. ५७ सेंटीमीटर भरलं तर माप ५७. दोन मापांत अडकलात तर मोठंच घ्या, आतल्या पट्टीमागे कागदाची घडी सारता येते. अशी हॅट फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंच्या कापडाची असते. लोकरीचं फेल्ट स्वस्त, पण भिजलं की मान टाकतं. सशाच्या केसांचं हलकं, तलम, आकार धरून राहणारं. किंमत मात्र ऐकवत नाही. दुकानात काठ हलकेच वाकवून सोडा, चांगल्या मालाचा काठ लगेच जागेवर येतो. घामपट्टी चामड्याचीच बघा. रंगाचा घोळ घालू नका, करडा घ्या. उतरवताना शेंडा चिमटीत धरायचा नाही, तिथेच फेल्ट आधी फाटतं. आणि कर्जतचा पाऊस लागण्याआधी ब्रश मारून, डांबरगोळ्या टाकून ती कोरड्या खोक्यात उलटी ठेवा, नाहीतर बुरशी आणि कसर आहेतच.