माहितीची खरी किंमत

शालेय प्रशासनातील संगणक-प्रणालींचे यश किती शाळांनी माहिती भरली यावरून मोजण्याची प्रथा पडली आहे. हा निकष अपुरा आहे. २०११ च्या पटपडताळणीने बोगस पटसंख्येचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. हेतू रास्तच होता. परंतु २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांवर शिक्षकांचे वेतन काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. नोंद करणारा व तिला मंजुरी देणारा यांचेच संगनमत असेल, तर यंत्र खोटी नोंदही इमानाने जपून ठेवते.

दुसरा प्रश्न खर्चाचा. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो; तेथे संगणकावर माहिती शिक्षकानेच भरावयाची. तीच माहिती निरनिराळ्या प्रणालींवर पुनःपुन्हा भरताना जे अध्यापन बुडते, त्याचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र तोच खरा खर्च होय.

तेव्हा प्रत्येक प्रणालीला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : किती कागदी नोंदवह्या बंद झाल्या? अध्यापनाचे किती तास वाचले? त्रयस्थ तपासणीत किती नोंदी खोट्या ठरल्या? ही उत्तरे शासनाने प्रतिवर्षी प्रसिद्ध करावीत. नवी प्रणाली त्यानंतरच आणावी.