नवव्या क्रमांकाची भांडणे

एखाद्या खेळाला समाजात किती मान आहे हे त्याच्या विजेत्यावरून कळत नाही. पहिला कोण येणार यावर वाद घालायला फारशी अक्कल लागत नाही, वर्तमानपत्राचा मथळा वाचला की पुरते. पण नववा कोण येणार, दहावा कोण, यावर माणसे तावातावाने भांडू लागली की तो खेळ तिथे मुरला असे खुशाल समजावे. हे माझे मत आहे. ते पटवण्यासाठी वाचकांना थोडे लांब, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या व्हॉलीबॉलच्या कोर्टवर नेणार आहे. तेही मुलींच्या.

ऑफिसात हा विषय काढला तेव्हा आमचे हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, आपल्या गोव्यात फुटबॉल कमी पडला का?" प्रश्न रास्त आहे. पण माझी मावसबहीण नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात राहते. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला, थंडीच्या दिवसांत साडेसहाला सुरू होतो. पोदेर भोंपू वाजवत दारावरून जाईपर्यंत माझा एक सेट बघून झालेला असतो. ३० ऑगस्ट २०२३ रोजी त्याच शहरात फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर मधोमध कोर्ट अंथरून नेब्रास्का विरुद्ध ओमाहा हा मुलींचा सामना झाला. प्रेक्षक होते ९२,००३. आपले फातोर्ड्याचे स्टेडियम तीन वेळा भरूनही माणसे उरतील इतके. तेव्हापासून मी या खेळाच्या मागे लागले आहे.

आता थोडी ओळख करून देते. अमेरिकेत विद्यापीठीय खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत मुलींचे व्हॉलीबॉल संघ आहेत सुमारे साडेतीनशे. सगळे सगळ्यांशी खेळणे शक्य नाही, म्हणून विद्यापीठांचे गट केलेले आहेत. त्यांना तिथे 'कॉन्फरन्स' म्हणतात. या कॉन्फरन्समध्ये परिसंवाद नसतो, चहा-बिस्किटेही नसतात, हा नुसता गट. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू होतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून गटातले सामने, आणि डिसेंबरमध्ये ६४ संघांची राष्ट्रीय बाद फेरी. हंगामाचा पहिला चेंडू उडण्याआधी प्रत्येक गटातले प्रशिक्षक आपापले मत देतात, की आपल्या गटात शेवटी पहिला कोण, दुसरा कोण, थेट तळापर्यंत. बऱ्याच गटांत स्वतःच्या संघाला मत देता येत नाही. त्यांच्या मतांचे गुण मोजून यादी जाहीर होते. राष्ट्रीय पातळीवर प्रशिक्षकांच्या संघटनेची पंचवीस संघांची यादी वेगळी. ही यादी आली की तिथल्या प्रेक्षकांची भांडणे सुरू.

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला ही यादी पाहताच ओळखीची वाटते. ही आपली ज्येष्ठता यादी! गेल्या वर्षी जो वर होता तो वर, जो खाली होता तो खाली, निवृत्त झालेल्यांची नावे वगळलेली आणि मधल्यामध्ये एखाददुसऱ्याची अदलाबदल. प्रशिक्षकाला ऑगस्टमध्ये स्वतःच्या संघाचा सराव सोडून इतर सतरा संघांचा अभ्यास करायला वेळ कुठला? म्हणून तो गेल्या वर्षीचे कोष्टक समोर घेतो आणि थोडी खाडाखोड करून पाठवतो. गोपनीय अहवालात मागील वर्षाचा शेरा उतरवणारे साहेब आपण पाहिलेले आहेत.

मग ही भाकिते खोटी ठरतात का? इथे माणसे दोन टोकांना जातात. एक म्हणतो, सगळा बाजारात तुरीचा कारभार. दुसरा यादीलाच ब्रह्मवाक्य समजतो. मागची तीन वर्षे पाहू. २०२३ मध्ये टेक्सासचा संघ हंगामापूर्वी देशात पहिला धरला होता. पहिल्याच आठवड्यात तो लाँग बीच स्टेटकडून हरला, आणि डिसेंबरमध्ये नेब्रास्काला सरळ तीन सेटमध्ये हरवून विजेताही झाला. २०२४ मध्ये पुन्हा टेक्सासच पहिला धरला, तो शेवटच्या चारांतही नव्हता. त्या वर्षी जिंकले पेन स्टेट. उपांत्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध दोन सेट गमावलेले, चौथ्या सेटमध्ये १६-२२ असे मागे, आणि तिथून उठून त्या मुलींनी सामना घेतला. प्रशिक्षक केटी शुमाकर-कॉली तेव्हा स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक. १९८१ पासून चाललेल्या मुलींच्या स्पर्धेला हा दिवस पाहायला २०२४ साल उजाडावे लागले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

२०२५ चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. नेब्रास्का पहिली येणार असे भाकीत होते. 'बिग टेन' गटात ती पहिली आलीही, गटातले वीसच्या वीस सामने जिंकून. आणि मग डिसेंबरमध्ये, स्वतःच्याच गावात, टेक्सास ए अँड एम संघाकडून पाच सेटमध्ये हरली. वर्षभरातला हा एकच पराभव, पण घरी बसवणारा. पुढे ए अँड एमने विजेतेपद घेतले. सांगा आता, भाकीत खरे ठरले की खोटे?

माझे म्हणणे असे की खरे ठरले. गटातील क्रमवारी आणि बाद फेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाद फेरीत एक वाईट संध्याकाळ पुरते. पाचवा सेट पंधरा गुणांचाच असतो, दोन सर्व्हिस जाळ्यात गेल्या की वर्षाची मेहनत पाण्यात. वीस सामन्यांच्या कोष्टकात मात्र नशीब इकडचे तिकडे होऊन फिटते आणि उरते ती संघाची खरी लायकी. म्हणून भाकीत करायचे तर क्रमवारीचे करावे, विजेत्याचे नव्हे. विजेत्याचे भाकीत म्हणजे सोडत. क्रमवारीचे भाकीत हा अभ्यास आहे.

आणि अभ्यास कसला? मी माझ्यापुरते चार नियम केले आहेत. पहिला, सेटर कोण ते पाहा. जोरदार स्मॅश मारणारी मुलगी सगळ्यांना दिसते, पण प्रत्येक चढाईचा दुसरा स्पर्श बहुतेक वेळा सेटरचा असतो. तिची आणि मारणाऱ्यांची जुळणी व्हायला महिने जातात. सेटर तीच राहिली असेल तर संघ एक जागा वर सरकवा, नवी असेल तर खाली. दुसरा, गेले कोण आणि आले कोण ते मोजा. पूर्वी चार वर्षांची पदवी झाली की खेळाडू जायची, हिशेब सोपा होता. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची सामाईक नोंदणी सुरू झाली आणि २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून वर्ष न गमावता लगेच खेळण्याची मुभा सर्वच खेळांना मिळाली. त्याच वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे घेण्याचीही परवानगी मिळाली. तेव्हापासून एका उन्हाळ्यात अर्धा संघ बदलू शकतो. ज्येष्ठता यादी इथेच फसते. तिला संघाचे नाव माहीत असते, त्यातल्या मुली माहीत नसतात.

तिसरा नियम, वेळापत्रक वाचा. 'बिग टेन' या नावावर जाऊ नका, त्यात संघ अठरा आहेत! २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरचा 'पॅक-१२' हा जुना गट फुटला, त्यातले चार संघ इथे आले. नऊ वेळा विजेते ठरलेले स्टॅनफर्ड तर पॅसिफिक महासागराजवळ राहून अटलांटिक किनाऱ्याच्या गटात गेले. मडगावच्या संघाने कोलकात्याच्या तालुका स्पर्धेत खेळावे तसा हा प्रकार. तर अठरा संघ आणि सामने वीस. म्हणजे प्रत्येकाला चौदा संघ एकदा भेटतात आणि तीन दोनदा. ते तीन कोण, यावर मधल्या संघांच्या दोन-तीन जागा सहज ठरतात. नेब्रास्का दोनदा वाट्याला आली तर सातव्याचा नववा व्हायला वेळ लागत नाही. चौथा नियम, गेल्या वर्षी पाच सेटपर्यंत गेलेले किती सामने जिंकले ते बघा. असे बरेच सामने काठावर जिंकलेला संघ कोष्टकात दिसतो त्याहून थोडा कच्चा असतो, कारण काठावरचे नशीब दर वर्षी सोबत येत नाही.

लक्षात घ्या, पहिल्या दोन संघांना या नियमांची गरजच नाही, ते कोणीही सांगेल. अभ्यास लागतो तो मधल्यांसाठी. नवव्या क्रमांकाचा संघ ओळखायचा तर त्या संघाची सेटर कोण, ती कुठून आली, तिचा गुडघा बरा झाला का, हे ठाऊक असावे लागते. म्हणजे कोणीतरी त्या मुलींचे सामने पाहिलेले असतात, गुण लिहून ठेवलेले असतात. भाकिताच्या मुळाशी लक्ष देणे आहे, आणि लक्ष देणे म्हणजेच मान देणे.

हा मान आपोआप आला नाही. १९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, असे त्यात आले, आणि त्याच्या बळावर मुलींच्या खेळांना शिष्यवृत्त्या, प्रशिक्षक, मैदाने मिळत गेली. कायदा ते ९२,००३ प्रेक्षक हा प्रवास एक्कावन्न वर्षांचा आहे. त्यात मोठा वाटा मला नोंदींचा वाटतो. सामन्याचे कागद कोणीतरी भरले, जपले, पुढच्याने ते वाचले. पेन स्टेटच्या मुलींनी २००७ ते २०१० या काळात सलग १०९ सामने जिंकले, हे आज मी गोव्यात बसून सांगू शकते ते त्यामुळेच.

आता आपल्याकडे या. भाकीत करणे गोंयकाराला येत नाही असे कोण म्हणेल? कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा जवळ आली की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत काय चालते? यंदा अमक्या मंडळाने दिग्दर्शक बदलला, तमक्यांची नायिका शेजारच्या गावात गेली, त्यांचे नेपथ्य जड आहे. हेच ते माझे नियम! पहिल्या बक्षिसावर नव्हे, उत्तेजनार्थवरसुद्धा आपण तिंट्यावर उभे राहून तासभर भांडतो. कारण नाटक आपल्यात मुरले आहे. आपल्याला ती माणसे ठाऊक आहेत.

मुलींच्या व्हॉलीबॉलबद्दल आपण असे कधी भांडलो? मी कॉलेजात दोन वर्षे संघात होते. मागच्या जागेवर उभी राहून सर्व्हिस उचलायचे काम माझ्याकडे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एका वर्षी आम्ही शेवटच्या चारांत गेलो असे माझी मैत्रीण म्हणते, मला ते आठ वाटतात. खरे काय हे पाहायला मध्यंतरी चौकशी केली. कोणाकडे कागद नाही. विजेत्यांचा फोटो आहे, तोही साल न लिहिलेला. बाकीच्या मुली खेळल्याच नाहीत जणू. कोणी मुद्दाम पुसले असे मी म्हणत नाही. लिहायला कोणाला सुचलेच नाही. फायलीवर जावक क्रमांक नसेल तर पत्र गेलेच नाही असे आम्ही मानतो, तसेच हे.

२०२५ मध्ये पुरुषांच्या प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये 'गोवा गार्डियन्स' हा संघ उतरला, त्याचा आनंदच आहे. पण लीग ही वरून येते. खेळाचा मान खालून, कोष्टकाच्या मधल्या ओळींतून चढत जातो. मुलींच्या संघांना आधी प्रेक्षक हवेत की आधी नोंदी, असे कोणी विचारले तर मी नोंदी म्हणेन. नोंदी असल्या की तुलना करता येते, तुलना आली की अंदाज, आणि अंदाज चुकला की वाद. वाद जिथे असतो तिथे माणसे जमतात.

म्हणून एक सुचवते. ज्यांच्या मुली, भाच्या, पुतण्या कॉलेजात खेळतात त्यांनी पुढच्या स्पर्धेआधी एक कागद घ्यावा. सगळे संघ आपल्या मते कोणत्या क्रमाने येतील ते लिहावे, खाली तारीख घालून सही करावी. स्पर्धा संपल्यावर हिशेब करावा. तिसरा म्हटलेला संघ सातवा आला तर चुकीचे चार गुण, बरोबर आला तर शून्य. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला, त्याला बाकीच्यांनी भजी-चहा द्यावा. यात पैसे नाहीत, जुगार नाही, फक्त कागद आहे. पण तो भरण्यासाठी आठ-दहा संघांची चौकशी करावी लागेल, दोन-चार सामने उन्हात उभे राहून बघावे लागतील. कागद फेकू नका, फायलीला लावा. वीस वर्षांनी कोणी तरी विचारील, त्या वर्षी आम्ही चारांत होतो की आठांत?