आधी कसोटी, मग कोटी

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाला 1983 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. पुढे तो 18 हजार कोटींच्या वर गेला. तरी निवडणुकीत पुढारी सांगतात ते एकच, ‘मी एवढे कोटी आणले’. आणि आपण टाळ्या वाजवतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कोड लिहिण्याआधी ठरतं, काम झालं हे कशावरून मानायचं. काम उरकल्यावर कसोटी लिहायला बसलात तर ती हमखास पास होते. राज्याच्या सिंचनाचं हेच झालं. दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्चून ओलिताखालचं क्षेत्र जेमतेम 0.1 टक्क्याने वाढलं, असं 2012 मध्ये आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून पुढे आलं. त्याच वर्षी सरकारच्या श्वेतपत्रिकेने वाढ कितीतरी जास्त दाखवली. कागदावरची क्षमता मोजायची की शेतात पोचलेलं पाणी, हे आधी पक्कं केलंच नव्हतं. मग वाद मिटणार कसा?

आता शक्तिपीठ महामार्ग. 2025 मधल्या आराखड्यात सुमारे 800 किलोमीटर, अंदाज 86 हजार कोटींचा. जमीन जाणारे शेतकरी लढताहेत, तो त्यांचा हक्कच आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. नागपूर-रत्नागिरी महामार्ग असताना या रस्त्याने जादाचं काय घडेल? तसेही येणारे कारखाने त्यात धरू नका. एका जिल्ह्यातून उठून दुसऱ्यात गेलेलेही नकोत. आणि हाच पैसा मराठवाड्याच्या पाण्यावर लावला तर? उत्तर मंजुरीआधी, लेखी हवं.

हीच फूटपट्टी आपल्यालाही लावा. आपले नगरसेवक कब्रस्तानची भिंत आणि शादीखाना दाखवून ‘विकास केला’ म्हणतात. दोन्ही लागतात, पण त्यातून रोजगार उभा राहत नाही. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाला वीजदरात सवलत मागतो, तेव्हा सोबत हेही सांगायला हवं की किती माग जास्त पाळ्या चालतील आणि कारागिराची मजुरी किती वाढेल. सवलत मालकाच्या खिशात आणि मजुरी जिथल्या तिथे, असं होणार असेल तर माझा विरोध आहे. मालक आपला असला तरी.

तुमच्या जिल्हा नियोजन समितीने गेल्या वर्षी काय मंजूर केलं आणि त्याचा फायदा कसा मोजणार होते, एवढा एक माहिती अधिकाराचा अर्ज या महिन्यात टाका. फी दहा रुपये.