चौसष्ट चौकटींतला संकासुर

आठ आडव्या, आठ उभ्या. ‘माइनक्राफ्ट’मधल्या पात्राचा चेहरा रंगवायला एवढ्याच चौकटी मिळतात. डोळे, नाक, ओठ, मिशी, कपाळावरचं कुंकू, सगळं या 64 ठिपक्यांत बसवायचं. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी दिसणारा अंगभर पोशाख 64 बाय 64 पिक्सेलच्या एकाच चित्रात मावतो. पुठ्ठ्याचं खोकं उलगडून जमिनीवर पसरावं तसं ते चित्र दिसतं. गेम ते घडी घालून पात्राच्या अंगावर चढवतो. याला पोरं ‘स्किन’ म्हणतात. रत्नागिरीच्या मांडवीतला नववीतला एक मुलगा मध्यंतरी स्वतः केलेली अशी एक स्किन दाखवायला आला होता. ती होती संकासुराची.

शिमग्यात ज्यांच्या अंगणात खेळे आले आहेत त्यांना संकासुर कोण ते सांगायला नको. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडच्या नमनात, म्हणजे या खेळ्यांच्या प्रयोगात, गण होतो, गवळण होते आणि मध्येच हा काळ्या कपड्यांतला, उंच निमुळत्या टोपीचा, पांढऱ्या दाढीचा गडी कमरेची घुंगरं वाजवत येतो. लहान पोरं आईच्या मागे लपतात. गावागणिक त्याचा थाट थोडा वेगळा असतो, पण लांबूनही तो ओळखू येतो तो टोपीमुळे. आणि नेमकी टोपीच त्या मुलाला जमत नव्हती. माइनक्राफ्टमधलं डोकं चौकोनी ठोकळा आहे. त्यावर रंग चढतो, पण निमुळता आकार वर निघत नाही.

मग टोपी नसेल तर संकासुर कशावरून ओळखायचा? मुलाने आधी दाढी रंगवली. 2014 पासून या स्किनमध्ये अंगाच्या प्रत्येक भागाला वरून आणखी एक थर देता येतो. त्या थरात खालच्या तीन ओळी पांढऱ्या केल्या आणि दाढी चेहऱ्यापासून किंचित सुटून दिसायला लागली. मग कमरेला घुंगरांसाठी पिवळा-काळा, पिवळा-काळा असा पट्टा आला. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी तो आपल्या वाडीत खेळ्यांचे कपडे शिवणाऱ्या काकांकडे गेला आणि त्यांना विचारून आला की टोपी काढली तर संकासुरात उरतं काय. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. 1981 च्या ‘डाँकी काँग’साठी शिगेरू मियामोतोंनी मारिओ घडवला तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. इतक्या थोड्या ठिपक्यांत केस दाखवणं कठीण म्हणून टोपी आली, तोंड दाखवणं कठीण म्हणून मिशी आली. जगातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा जागेच्या टंचाईतून तयार झाला.

आता मांडवीच्या जेटीवरचं चित्र पाहा. ‘रत्नागिरीचं गेटवे’ म्हणतात त्या कमानीपासून पुढे कठड्यावर संध्याकाळी पोरांची रांग असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात बीजीएमआय, म्हणजे पबजी या नेमबाजीच्या मोबाइल गेमचा भारतीय अवतार, चालू असतं. खेळ सुरू होण्याआधी लॉबीत सगळी पात्रं उभी राहतात, तेव्हा बोलणं नेमबाजीचं नसतं, कपड्यांचं असतं. कुणाकडे एक्स-सूट आहे, कुणाच्या एम-फोर बंदुकीवर ग्लेशियर स्किन आहे, कोण अजून डिफॉल्ट कपड्यांत फिरतोय. डिफॉल्टवाल्याला सरळ ‘नूब’ म्हटलं जातं, मग तो कितीही चांगला खेळो. या कपड्यांनी गोळी जोरात लागत नाही की पात्र वेगाने पळत नाही. फरक पडतो तो चारचौघांतल्या मानाचा. चौदा-पंधराव्या वर्षी तो मान म्हणजे सर्वस्व असतं. त्याला मोठ्यांनी हसू नये.

माझी तक्रार सजण्यावर मुळीच नाही. तक्रार आहे ती हे सजणं निव्वळ खरेदी होऊन बसलं आहे याची. पैसे भरून यूसी हे खेळातलं चलन घ्यायचं, यूसी घालून क्रेट म्हणजे पेटी उघडायची, आणि आत काय निघेल ते नशिबावर. हवी ती बंदूक निघेपर्यंत क्रेट उघडत राहायचं. या नशिबाच्या पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये जुगार ठरवलं. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक कंपनीला खेळाडूंना फसव्या बटणांच्या रचनेतून खरेदीत ओढल्याच्या प्रकरणात 24.5 कोटी डॉलर परतावा देण्याचं अमेरिकेत 2022 मध्ये मान्य करावं लागलं. आपल्याकडे 2021 मध्ये बीजीएमआय आलं तेव्हा 18 वर्षांखालच्या मुलांसाठी दिवसाला तीन तास खेळ आणि 7000 रुपये खर्च अशी मर्यादा कंपनीने घातली होती. दिवसाला 7000 रुपये! मिरकरवाड्यात होडीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात हा आकडा वाचून दाखवा. अशी मर्यादा मुलाचं रक्षण करते हे मला मान्य नाही.

हे नेहमीच असं नव्हतं. 1990 च्या दशकाच्या शेवटी गाणी ऐकायला ‘विनॅम्प’ नावाचं सॉफ्टवेअर होतं. जस्टिन फ्रँकेलने ते 1997 मध्ये आणलं आणि पुढच्या वर्षीपासून त्याचं रूप बदलता येऊ लागलं. त्याची स्किन म्हणजे झिपमध्ये बांधलेली साधी चित्रं. मुख्य खिडकी 275 बाय 116 पिक्सेल. झिप सोडा, पेंटमध्ये उघडा, बटणं रंगवा, पुन्हा बांधा, झालं. जगभरच्या हौशी लोकांनी अशा हजारो स्किन केल्या, आणि त्यांचं एक संग्रहालयच आज इंटरनेटवर आहे. ‘क्वेक’ हा 1996 चा गेम. त्यातल्या सैनिकाचा पोशाखही असाच खेळाडूला रंगवता यायचा. त्या काळात सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या आमच्या पिढीने पेंटमध्ये जे गिरवलं, त्यातून पुढे काहीजण खरोखर डिझायनर झाले.

मग 2006 साली ‘ऑब्लिव्हियन’ या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला आलं. लोकांनी त्याची भरपूर टिंगल केली. आणि ते विकलंही गेलं. पुढचा रस्ता तिथून निघाला. ‘फोर्टनाइट’ खेळायला फुकट आहे, पण कोर्टात उघड झालेल्या कागदांप्रमाणे 2018 आणि 2019 या दोन वर्षांत त्याने नऊ अब्ज डॉलरहून जास्त कमावले. त्यात कपडे, नाच आणि तशाच शोभेच्या वस्तूंचा वाटा फार मोठा. जी फाइल आधी आपण उघडायचो ती आता कंपनीच्या कुलपात आहे. बीजीएमआयच्या फाइलमध्ये स्वतः रंग बदलून पाहा, खातं बंद होतं.

कुलपाला एक खरं कारण आहे, ते लपवू नये. समोरासमोरच्या खेळात प्रत्येकाला चित्रं बदलू दिली तर कुणी शत्रूला भडक गुलाबी रंगवून झुडपातूनही ओळखेल, कुणी भिंतच पारदर्शक करेल. जुन्या नेमबाजीच्या गेममध्ये हे प्रकार भरपूर झाले. पण माझा रंग फक्त माझ्या पात्रावर चढावा, बाकी काही बदलू नये, अशी सोय करणं अशक्य नाही. माइनक्राफ्टमध्ये ती वर्षानुवर्षं आहे. तिथेही कपड्यांचं दुकान आहे, पण मोबाइलवर आणि संगणकावर दुकानाच्या शेजारीच स्वतःचं चित्र चढवण्याचा मार्ग खुला ठेवला आहे. म्हणजे हा तंत्राचा प्रश्न कमी आणि धंद्याच्या इच्छेचा जास्त.

कुलूप दुसऱ्याच्या हाती असलं की आपल्याला कसं नटवायचं तेही दुसराच ठरवतो. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मध्ये भारताचा म्हणून जो लढवय्या होता, त्या धालसिमच्या गळ्यात कवट्यांची माळ होती. व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर वाढलेल्या आमच्या वयाच्या मुलांनी गेममध्ये पाहिलेला हा पहिला भारतीय. ‘ओव्हरवॉच’मध्ये 2016 साली सिमेट्रा ही भारतीय बाई आली, आणि तिच्या पोशाखांत ‘देवी’ नावाचा एक पोशाख होता. त्यावर श्रद्धेचा खेळ केल्याची तक्रार झाली. ‘एम्पायर : टोटल वॉर’ या 2009 च्या गेममध्ये मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं, याचं मला तेव्हा कोण अप्रूप वाटलं होतं! पण तिथला बारगीर कसा दिसावा हे इंग्लंडमधल्या स्टुडिओने ठरवलेलं. भारतासाठी पबजीचा वेगळा अवतार जाहीर झाला तेव्हा बदल कोणते? पात्रं सुरुवातीपासून कपडे घालून येतील आणि रक्त हिरवं दिसेल. भारतीय रूप देणं म्हणजे एवढंच, असं त्यांना वाटलं.

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला तेव्हा हे चित्र बदलताना दिसलं. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, आणि तिच्या पोशाखापासून ती चढते त्या वाड्यांच्या भिंतींपर्यंत सगळं हाताने रंगवल्यासारखं. 2017 मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. गेमच्या मधेमधे येणारी कथा सावल्यांच्या बाहुल्यांच्या धर्तीवर सांगितली आहे. ते पाहताना मला सारखी कुडाळजवळची पिंगुळी आठवत होती. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याचाच सुपरगेमिंग स्टुडिओ 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ‘इंडस’ घेऊन आला, भविष्यातला भारत कल्पून केलेला नेमबाजीचा गेम. माणसं इथली आहेत, हात इथले आहेत. कोकण मात्र अजून कुठेच नाही.

ते आणायला स्टुडिओ लागत नाही, हे त्या मुलाने दाखवलं. त्याच्या बहिणीने तर त्याच्यावर ताण केली. तिने आजीचं नऊवारी नेसलेलं रूप केलं, आणि मला त्यात एक गोष्ट पहिल्यांदा कळली. या ठोकळ्यांच्या पात्राला गोल साडी शोभत नाही. पात्र चालायला लागलं की दोन पाय वेगवेगळे हलतात आणि साडी मधोमध फाटल्यासारखी दिसते. नऊवारीत कापड दोन्ही पायांत वाटलेलंच असतं! काष्टा मागे खोचलेला, त्यामुळे पाय कितीही हलले तरी नेसणं मोडत नाही. ज्या नेसण्यात आपल्या आज्या चिखलात लावणी करायच्या आणि डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजारात चालायच्या, ते नेसणं संगणकातल्या चालीलाही पुरून उरलं. हिशेब मात्र बारकाईने करावा लागला. समोरून एकेक पाय चार पिक्सेल रुंद आणि बारा उंच, त्यात काठ किती द्यायचा आणि निऱ्या किती? एक पिक्सेलचा काठ बारीक वाटतो, दोनचा दिला की निऱ्यांना जागा उरत नाही. तिने काठ एकाचाच ठेवला आणि त्याच्या शेजारची उभी ओळ साडीच्याच रंगाची पण थोडी गडद केली. काठ उठून दिसला.

एवढं निरीक्षण शाळेच्या कुठल्या तासाला होतं? आजीकडे नीट पाहायचं, साडी कुठून कुठे जाते ते तिला विचारायचं, रंगाच्या छटा मोजायच्या आणि भूमितीत बसवायचं. म्हणून माझी मांडवीतल्या आणि आसपासच्या शाळांकडे कळकळीची मागणी आहे. संगणकाच्या तासाला हे करून घ्या. त्यासाठी गेम विकत घ्यायलाच हवा असंही नाही. ‘लुआंटी’ हा मोफत आणि मुक्त प्रोग्राम आहे, 2024 पर्यंत त्याचं नाव ‘माइनटेस्ट’ होतं. तो जुन्या संगणकांवरही चालतो, आणि त्यातल्या पात्रांनाही अशीच पीएनजी चित्रं चढतात. रंगवायला ‘गिंप’ फुकट मिळतं. फक्त पेंटच्या जुन्या आवृत्त्यांत पारदर्शक भाग जपला जात नाही आणि वरचा थर बिघडतो, हे शिक्षकांनी आधीच लक्षात घ्यावं.

खेळे मंडळांनाही सांगायचं आहे. तुमच्याकडे जे ज्ञान आहे ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. झग्याला घेर किती, पगडी कशी बांधायची, रावणाच्या तोंडांचा साचा पेलवेल इतका हलका कसा ठेवायचा, गोमू होणाऱ्या पुरुषाने पदर कसा घ्यायचा, हे पोरांना उभं करून दाखवा. ती चित्रात उतरवतील. राजिवड्यातल्या मुलीला डोक्यावरून ओढणी घेतलेलं पात्र करायचं असेल तर तेही याच चित्रांच्या रांगेत लागलं पाहिजे. मांडवी एकाच पोशाखाची कधीच नव्हती. एक सीमा मात्र मी आखेन. पालखीतल्या देवाचं रूप मारामारीच्या खेळात उतरवू नये, आणि संकासुरासारखं नमनातलं पात्र घेताना आधी मंडळाला आणि मानकऱ्यांना विचारावं. त्या मुलाने विचारलं होतं. काकांनी परवानगी तर दिलीच, वर दाढी इतकी आखूड नसते म्हणून दुरुस्तीही सांगितली. म्हणून आता ती दाढी छातीवर आणखी दोन ओळी उतरली आहे.

शिमग्याआधी मुलांनी केलेली अशी पात्रं या सदरातून वाचकांना दाखवायची आहेत. चित्र 64 बाय 64 चं, पीएनजीमध्येच पाठवा, जेपीजीत कडा पुसट होतात. सोबत दोन ओळींत लिहा की हा पोशाख कुठल्या वाडीतला आणि तो तुम्हाला कुणी समजावून सांगितला. तयार स्किनवर नुसता रंग बदललेली चित्रं घेणार नाही. टोपीचा प्रश्न कुणी सोडवला असेल तर त्याचं चित्र सगळ्यांत वर लावू.