दोर विहिरीचा, वाट साल्हेरची

2025 च्या जुलैमध्ये साल्हेरचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून तुमच्या ग्रुपवर 'रविवारी साल्हेर?' हा मेसेज किती वेळा पडला असेल, सांगा. जायलाच हवं. 1567 मीटर उंचीचा, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला आपल्याला पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा जवळ आहे. नरडाण्याहून धुळे, साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद करत सकाळी पायथ्याशी पोहोचता येतं. पण निघण्याआधी तुमची सॅक एकदा उघडून दाखवा.

दोनेक वर्षांपूर्वी अशाच एका सॅकमध्ये मला विहिरीवरचा नायलॉनचा दोर दिसला होता. "मोटर ओढतो सर, माणूस काय जड आहे?" असं उत्तर मिळालं. मोटर हळूहळू वर येते, माणूस झटक्याने पडतो. गिर्यारोहणाचा डायनॅमिक रोप पडणाऱ्याचं वजन आलं की ताणला जातो आणि झटका स्वतःत मुरवतो. विहिरीचा दोर तो झटका सरळ तुमच्या कमरेला देतो. शिवाय वर्षभर उन्हात पडून तो आतून किती कुजलाय, हे वरून कळत नाही. तेव्हा पहिल्या वर्षात दोर, हार्नेस, कॅरॅबिनर काहीच विकत घेऊ नका. साल्हेरच्या नेहमीच्या वाटेवर त्याची गरज पडत नाही. गरज पडेल अशा सुळक्यावर शिकवणारा माणूस सोबत असतो आणि सामानही त्याचंच असतं. त्या सामानावर यूआयएए किंवा सीईचा शिक्का आहे का, एवढं मात्र स्वतः बघा. विचारायला लाजू नका.

पैसे घालायचे ते बुटांत. आपल्याकडच्या डोंगरावर घसारा फार. मुरमाड उतारावर गुळगुळीत तळव्याचे स्पोर्ट्स शूज म्हणजे घसरगुंडीच. तळवा खोल खाचांचा हवा. बूट आणले की आठ-दहा दिवस कॉलेजला घालून जा. कोरे बूट डोंगरावर नेले तर टाचेचा फोड तुम्हाला किल्ला बघू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. ट्रेकिंगच्या बहुतेक याद्या सह्याद्रीच्या पावसाळी भागात फिरणाऱ्यांनी केलेल्या असतात. त्यात रेनकोट पहिला, पाणी सातवं. खान्देशात हा क्रम उलटा करा. एप्रिल-मेमध्ये धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि काळा कातळ दुपारी तव्यासारखा तापतो. माणशी तीन-चार लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू, डोक्याला टोपी किंवा सरळ आपला रुमाल. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं, कारण उतरतानाही तहान लागतेच. चक्कर येऊ लागली, मळमळलं, बोलणं अडखळलं, तर तो अशक्तपणा नाही, ऊन लागलंय. त्याला सावलीत झोपवा, अंग ओलं करा, वारा घाला आणि 112 ला फोन लावा. खरं तर पहिला मोठा ट्रेक नोव्हेंबर ते जानेवारीतच ठेवावा. तेव्हा सोबत स्वेटर घ्या, कारण थंडीत धुळ्यातच पारा दहाच्या खाली उतरतो, मग वरच्या वाऱ्याचं काय सांगावं!

पावसाळ्यातले हिरवे रील बघून जीव ओढतो, मान्य. पण कोरीव पायऱ्यांवर शेवाळ धरतं, धुक्यात वाट हरवते आणि नवख्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग गडगडू लागले तर माथ्यावर थांबू नका, एकट्या झाडाखाली तर नाहीच. आग्या मोहोळ दिसलं की आरडाओरडा, धूर, डिओ तिन्ही बंद.

सोबत कोण, हा प्रश्न सामानापेक्षा मोठा. 'इव्हेंट'ची जाहिरात बघून पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा. किती जणांमागे किती लीडर? ते याआधी या वाटेने गेलेत का? प्रथमोपचार कोणाला येतात? राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली आहे का? उत्तराऐवजी 'टेन्शन नका घेऊ' ऐकू आलं तर फोन ठेवा. स्वतःच जात असाल तर वाघांबे किंवा साल्हेरवाडीतून गावातला वाटाड्या घ्या. कोणत्या टाक्यात पाणी उरलंय आणि कोणत्या कड्यावर मोहोळ बसलंय हे त्यालाच माहीत असतं. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. हजार रुपयांचा गॉगल घालून शंभर रुपयांवरून वाद घालणारे पाहिलेत मी.

आणि ग्रुपमधला तो एक आवाज, "चाल ना भो, काहीच व्हत नही!" तो ओळखून ठेवा. परतीची वेळ चढण्याआधीच ठरवा. समजा बारा ठरली, तर बारा वाजता माथा दहा मिनिटांवर असला तरी मागे वळायचं. एव्हरेस्टवर जाणारेही परतीची वेळ आधीच ठरवून निघतात.

हिमालयाची स्वप्नं असतील तर तिथला हिशेबच वेगळा आहे. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवा त्रास देऊ लागते आणि साल्हेर त्या उंचीच्या खूप खाली आहे, म्हणून साल्हेर सर केला की हिमालय जमेल असं धरू नका. उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट इथला सुमारे 28 दिवसांचा बेसिक कोर्स करा, दोर-बर्फ सगळं तिथे शिकाल.

तोवर सराव घराजवळच होईल. सोनगीरचा किल्ला धुळ्याला जाताना हायवेवरून दिसतोच, पहिला रविवार तिथे. पुढचे दोन रविवार लळींगला, पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन. सकाळी सातपर्यंत चढायला लागा, घरी कुठे जाताय ते सांगून निघा. आणि हो, आदल्या रात्री पायाची नखं कापा. उतरताना बोटं बुटाच्या टोकाला आपटतात, तेव्हा आठवण येईल.